पंडुमाआधीची परीक्षा

नुजहत पठाण सात वर्षांची होती तेव्हा तिला अरबी न अडखळता वाचता यायचं, आणि त्यातलं अवाक्षर कळायचं नाही. घुग्घुसच्या ट्रक-अड्ड्यामागे छोटी मशीद होती. तिच्या ओसरीवर पहाटे पोरंपोरी डुलत डुलत सबक म्हणायची. सतरंजीवर कोळशाची धूळ, बाहेर पहिल्या पाळीचे कामगार मोटरसायकली पिळत खाणीकडे चाललेले, आणि आत सगळ्यांच्या वर नुजहतचा आवाज. उस्ताद खूश. एकदा तिनं मध्येच थांबून विचारलं, "उस्तादजी, इसका मतलब क्या होता?"

"पहले जबान बैठने दे," उस्ताद म्हणाले. "मतलब बाद में आता."

मतलब यायला पुढची कैक वर्षं गेली.

दिवसा मराठी शाळा. घरात हिंदी-उर्दूची खिचडी. शेजारच्या बाया तिच्या बापाला, इनायतभाईंना, टोकायच्या, "भाऊ, पोरीले उर्दू शाळेत काऊन नाई टाकत?" इनायतभाई ट्रकाखाली उताणे पडून पान्हा फिरवत असायचे. तिथूनच ओरडायचे, "जिथला पोलीस मराठी, तिथली शाळा मराठी! चालान कटलं तर काऊन कटलं, एवढं तरी पोरीले कळलं पायजे."

पहिलीत गुरुजींनी सांगितलं, पाटी पालथी ठेवा. सगळ्यांनी ठेवली. नुजहतनं त्याच सकाळी आख्खी कविता घडाघडा म्हणून शाबासकी घेतली होती, पण पालथी ठेवणं म्हणजे काय करायचं ते तिला कुणी कधी दाखवलंच नव्हतं. तिनं पाटी पुसली. गुरुजींनी कान पिरगाळला. "म्हणायला पुढे, ऐकायला मागे!"

त्या कानाची आग कधी विझली नाही. पुढे परिषदांमध्ये लोक विचारायचे, अरबीची बाई द्विभाषिक शिक्षणाच्या भानगडीत कशी पडली? तेव्हा ती हाच कान दाखवायची. लोक हसायचे. ती हसत नसे.

हैद्राबादला एका विद्यापीठात ती अरबी शिकवायला लागली. नोकरी कंत्राटी. दर जूनला नेमणुकीचा कागद आला की वर्षभर श्वास मोकळा, मग पुन्हा पुढच्या जूनची धाकधूक. तिची पोरं शिकून मोठ्या दवाखान्यांत दुभाषे व्हायची. येमेन, ओमान, सुदानहून पेशंट येतात, त्यांचं दुखणं डॉक्टरला सांगायचं काम. तिथं पाठांतर चालत नाही. डावं म्हणायचं आणि उजवं सांगितलं, तर माणूस टेबलावर मरतो.

म्हणून तिनं स्वतःची पद्धत काढली. वर्गात टेबलावर खजुराचा डबा, पेला, किल्ली, टॉवेल. विद्यार्थ्यानं तोंड उघडायचंच नाही. बाई अरबीत सांगणार: खजूर उचल, दोन तुकडे कर, एक शेजाऱ्याला दे, दुसरा खा. ज्याला कळलं त्याचा हात चालायचा. ज्याला नाही कळलं तो बाजूच्याकडे बघायचा. पाठांतराचा सगळा बुरखा दोन मिनिटांत फाटायचा. विभागातले जुने प्राध्यापक म्हणायचे, "मॅडम की क्लास है या दस्तरख्वान?" वर्ग की जेवणाची पंगत, म्हणू द्या. तिच्या हाताखालचा एकही दुभाषा चुकला म्हणून परत आला नव्हता.

या पद्धतीनं तिचं नाव झालं, आणि हीच पद्धत तिला जंगलात घेऊन आली.

गडचिरोलीतल्या आरमोरीला मावसबहिणीचं लग्न होतं. वऱ्हाडातल्या गलबल्यातून जरा बाजूला म्हणून ती शेजारच्या खेड्यातल्या शाळेकडे फिरत गेली. आत गोंडांची लेकरं मराठीचा धडा वाचत होती. एका सुरात, डुलत डुलत, न अडखळता. नुजहत दारातच थबकली. हा सूर तिच्या ओळखीचा होता. तिनं गुरुजींना विचारून एका पोराला म्हटलं, "बाळा, त्या खिडकीपाशी जाऊन उभा राहा बरं." पोरगं गोड हसलं आणि धड्याची पुढची ओळ वाचू लागलं.

त्या दिवसापासून ती अरबी शिकवत राहिली हैद्राबादला आणि जीव अडकला गडचिरोलीत. उन्हाळ्याच्या, दिवाळीच्या सुट्ट्या, साठवलेल्या रजा, सगळं इकडेच. असं फिरता फिरता तिला कोरमेट्टा सापडलं.

कोरमेट्टा डोंगराच्या पायथ्याचं गोंडांचं गाव. तिथं ग्रामसभेनं आपली शाळा काढली होती. सरकारची नाही, संस्थेची नाही, गावाची. आधी गोंडी, मग गोंडीचं बोट धरून मराठी. शिकवायला गावचीच मुलगी, उर्वशी हलामी. बारावी झालेली, मोटरसायकल हाकणारी, जिभेला धार.

पहिल्याच दिवशी ती नुजहतला म्हणाली, "मॅडम, आजवर इथी लई साहेब येऊन गेले. फोटो काढते अन् जाते. तुमी काय काढनार?"

"मी काही काढणार नाही. मला गोंडी शिकव."

"अन् मले काय देसान?"

"अरबी शिकवते."

उर्वशी खळखळून हसली. "घ्या! कोरमेट्ट्याले अरबीचीच कमी होती."

दोन वर्षांत नुजहतला गोंडी चांगली बोलता यायला लागली. गावानं तिला आपलं म्हटलं नाही, पण बसायला खाट टाकायला लागलं. ही मोठी गोष्ट होती. तिनं शाळा पाहिली. लेकरं कमी वाचायची, पण वाचलेलं करायची. गणितात अडली तर भांडायची. मराठीत चुकीचं बोलायची, पण बोलायची.

मग डोंगरावर चुन्याच्या खुणा दिसायला लागल्या.

आधी एक गाडी आली, चार माणसं डोंगर चढली, उतरली. कुणी काही विचारलं नाही, कुणी काही सांगितलं नाही. झाडांच्या बुंध्यांवर पांढरे पट्टे उरले, घुग्घुसला खाण पुढे सरकायच्या आधी दिसायचे तसे. पुढच्या महिन्यात रस्ता रुंद करायला यंत्र आलं. ज्या रस्त्यानं एसटी कधी आली नाही, तो रस्ता कुणासाठी रुंद होतो, हे विचारायला ग्रामसभा बसली. त्यानंतर पंधरवडा गेला नसेल, शाळेला नोटीस आली. शाळा बेकायदा आहे. मुलं नदीपल्याडच्या आश्रमशाळेत हलवा.

उर्वशीनं नोटीस वाचली आणि घडी करून कंबरेला खोचली. नुजहतला वाटलं, ही भडकत कशी नाही?

"दिव्यानी माझी लहान बहीण," उर्वशी त्या संध्याकाळी बोलली. "त्याच आश्रमशाळेत होती. पोटात दुखते म्हनून चार दिस सांगत होती. गोंडीत सांगत होती ना! बाईले वाटलं घरची याद येते म्हनून रडून राह्यली. पाचव्या दिसाले जीप आली गावात. चादरीत गुंडाळून आनली तिले." ती उठली, अंगणातली लाकडं उगीच सरळ केली. "हे शाळा त्याच्यानंतर काढली गावानं. आता सांगा, मी पाठवू का माह्यी लेकरं तिकडं?"

नुजहतच्या डोळ्यांपुढे दवाखान्यातले पेशंट आले. डावं दुखतं, उजवं सांगितलं. तिचा कान पेटला.

तिनं वरच्या कचेरीत खेटे घातले. टेबलावर पेपर आपटले, दोन कारकुनांशी कडाकडा भांडली, शेवटी शाळांच्या परवानगी समितीच्या दुधबळे साहेबांपर्यंत पोचली. साहेब मऊ माणूस. आवाज चढवत नाही, चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, आम्हाला काय शाळा बंद करायची हौस आहे? लेकरांना समजतं हे दाखवा. दोन्ही शाळांची एकच परीक्षा घ्या. आश्रमशाळा आणि ही. तुमचीच पद्धत, तुमचेच नियम. कोरमेट्टा मागे पडलं नाही तर समिती परवानगीची शिफारस करेल. पडलं तर मात्र तुम्ही काही बोलायचं नाही."

एवढं सोपं? नुजहत कचेरीतून निघाली तेव्हा पाठीवरून कुणी गार हात फिरवावा तसं झालं. पण पद्धत आपली, नियम आपले, मग भ्यायचं कशाला? स्वतःच्या विद्येची मस्ती तिला होती. का नसावी? घुग्घुसच्या गॅरेजवाल्याच्या पोरीनं ती कुणाच्या मेहेरबानीनं मिळवली नव्हती.

नियम तिनं कडक केले. कुणी बोट दाखवायला जागा ठेवायची नाही. परीक्षेच्या वस्तू आधी कुणालाही, उर्वशीलाही, सांगायच्या नाहीत, म्हणजे लेकरांना पढवलं असं कुणी म्हणणार नाही. शाळेच्या शिक्षकांनी परीक्षा चालू असताना तोंड उघडायचं नाही. परीक्षा घेणाऱ्यानं आज्ञा फक्त म्हणायची, मदत केली तर सगळी परीक्षा बाद. कागदावर सह्या झाल्या. तारीख साहेबांनी दिली, चैत्रातली.

तारीख ऐकून पोचू म्हातारा अस्वस्थ झाला. पोचू गावचा गायता. देवाचं काम त्याच्याकडे, गावाचे सण त्याच्या शब्दानं ठरतात. खाटेवर बसून तो तंबाखू मळत होता.

"बाई, चैतातच काऊन?"

"साहेबांनी दिली, बाबा."

"पंडुम होऊ द्या ना. मंग घ्या काय घ्याची ते."

पंडुम म्हणजे सण हे नुजहतला ठाऊक होतं. दोन लेखांत तिनं त्यावर वाचलंही होतं. तिला वाटलं, सणाच्या तयारीत गावाला ही कटकट नको आहे. ती म्हणाली, "एका दिवसाचं काम आहे बाबा. तुमच्या सणाला धक्का लागणार नाही."

पोचूनं तंबाखू तोंडात टाकली आणि डोंगराकडे तोंड केलं. गोंड माणूस पाहुण्याला दोनदा अडवत नाही.

खजूर इथं कुणाला माहीत? वस्तू लेकरांच्या ओळखीची हवी, हा तर तिच्याच शास्त्राचा पहिला नियम. आदल्या हिवाळ्यातल्या सरावात तिनं बोरं वापरली होती. आता बोरं संपली. आरमोरीच्या बाजारात एका बाईच्या टोपलीत हंगामातले पहिले आंबे दिसले, हिरवे, अर्धवट पाडाचे. प्रत्येक लेकराच्या घरामागे याचं झाड आहे. नुजहतनं वास घेतला, पिशवी भरली आणि तोंड बांधून टाकलं.

आधी आश्रमशाळेत परीक्षा झाली. लांबलचक पत्र्याचा हॉल, भिंतींना ओल, खिडक्यांना जाळ्या. लेकरं गणवेशात रांगेनं बसलेली. आज्ञा गोंडीत एकदा, मराठीत एकदा. आंबा उचल. तोंडाशी ने. चाव. राहिलेला शेजाऱ्याला दे. पट्टदिशी केलं सगळ्यांनी. सांगितलं की करायचं, ही सवय त्यांना घंटेबरोबर लागलेली. एका चिमुरडीनं चावा घेतला, गाल फुगवून तशीच बसून राहिली, आणि नंबर झाल्याबरोबर पळत हॉलबाहेर गेली. नुजहतनं खिडकीतून पाहिलं. पोरगी भिंतीपाशी थुंकत होती आणि हातानं जीभ पुसत होती, पुन्हापुन्हा, जीभ लाल होईस्तोवर.

आंबट असेल, नुजहतला वाटलं. दुधबळे साहेब शेजारी उभे होते. म्हणाले, "छान शिस्त आहे, नाही?"

दुसऱ्या दिवशी कोरमेट्टा. शाळेपुढच्या मोहाच्या झाडाखाली सारवलेली जागा, लेकरं अर्धगोलात. एका अंगाला समितीच्या खुर्च्या, दुसऱ्या अंगाला गाव. बाया कडेवरच्या पोरांना घेऊन उभ्या. पोचू पुढे उकिडवा बसलेला. उर्वशी नियमाप्रमाणे लेकरांच्या मागे, हात बांधून. आल्याबरोबर तिनं नुजहतला डोळा घातला होता. तिला खात्री होती. तिची लेकरं पाखरासारखी चपळ होती.

पहिल्या आज्ञा साध्या. ऊठ, झाडाला हात लाव, दगड उचल, उजव्या हाताला ठेव. गोंडीत झाल्या, मराठीत झाल्या. एकही चूक नाही. एक पोरगं तर दगड ठेवून म्हणालं, "अजून सांगा ना!" बायांत हसू फुटलं. समितीतला एक जण मान डोलावून गेला.

मग नुजहतनं पिशवीचं तोंड सोडलं आणि प्रत्येकापुढे एकेक आंबा ठेवला.

हसू थांबलं. एकदम, दिवा विझावा तसं. एका बाईनं कडेवरच्या पोराचं तोंड पदरानं झाकलं.

"आंबा उचल," नुजहत गोंडीत म्हणाली.

कुणी हललं नाही.

तिला वाटलं, ऐकू गेलं नसेल. नियमाप्रमाणे दुसऱ्यांदा म्हणता येत होतं. ती म्हणाली. लेकरं आंब्याकडे बघत होती, हात पाठीमागे घेतलेले. आता मराठीत. "आंबा उचल. चाव. राहिलेला शेजाऱ्याला दे." एक पोरगं आपल्याच जागी बसल्या बसल्या मागे सरकलं, आंब्यापासून लांब.

"कळत नाहीये त्यांना," समितीतला एक जण कुजबुजला. "दगड कळला, आंबा नाही."

"दोन्ही भाषांत नाही," दुसरा म्हणाला आणि लिहायला लागला.

नुजहतनं शब्द मनात पुन्हा तपासला. काय चुकलं? शब्द बरोबर होता, आंब्याला मरका म्हणतात, तिनं याच लेकरांकडून शिकला होता. तिनं उर्वशीकडे पाहिलं. उर्वशीचा चेहरा पांढरा पडला होता.

"मॅडम—"

"ए बाई," दुधबळे साहेबांनी मऊ आवाजात अडवलं. "शिक्षकानं बोलायचं नाही. पठाण मॅडमचाच नियम आहे. बोललीस तर परीक्षा बाद होईल ना तुझी."

उर्वशीनं ओठ चावले. शाळा वाचवायची म्हणून गप्प राहिली.

रांगेत मंगली होती. पोचूची नात, नऊ वर्षांची, वर्गात सगळ्यांत धीट. तिनं मान वळवून उर्वशीचा चेहरा पाहिला. मग खुर्च्यांकडे पाहिलं. या लोकांना काहीतरी हवं आहे आणि ते दिलं नाही तर ताईचं काहीतरी वाईट होणार, एवढं तिला कळलं. तिनं हळूच हात पुढे केला आणि आंबा उचलला.

पोचू उभा राहिला.

कुणी ओरडलं नाही. पण आख्खं गाव एक पाऊल मागे गेलं, आणि कुणाची तरी म्हातारी हलक्या आवाजात देवाचं नाव घ्यायला लागली. मंगलीनं आंबा दोन्ही हातांत धरला होता. ती आजाकडे बघत होती. डोळे काठोकाठ भरलेले. आंबा तोंडापासून वीतभर.

तेव्हा नुजहतला ते दिसलं. लेखात छापलेलं होतं, तिनं वाचलं होतं, पेन्सिलीनं रेघ मारली होती: पंडुम होऊन देवाला पहिला आंबा वाहिल्याशिवाय गाव नवा आंबा खात नाही. कुणी खाल्ला तर वाघ, साप, रोग, जे यायचं ते आख्ख्या गावावर येतं. ही लेकरं आंबा शब्द न कळल्यामुळे थांबली नव्हती. शेवटच्या अक्षरापर्यंत कळलं होतं, म्हणून हात मागे घेतले होते.

आणि हैद्राबादला ती दर रमजानात काय करायची? चंद्र दिसला की खजुराचा डबा कपाटात जायचा. रोजेदार पोरांपुढे भरदिवसा खजूर ठेवून "खा" म्हणायचं तिच्या स्वप्नातही आलं नसतं. त्यासाठी तिला कुठला लेख वाचावा लागला नव्हता.

मंगलीनं आंबा ओठांना लावला. एक चावा. एक चावा घेतला की बाकीची घेतील, लेकरांचं असंच असतं. समितीला हवं ते मिळेल, शाळा राहील. बोलायचं नाही. बोललं की परीक्षा बाद. नियम तिचाच.

"ठेव!" नुजहत ओरडली. "मंगली, ठेव खाली! नको खाऊस!"

आंबा मातीत पडला. मंगली धावत जाऊन आजाच्या धोतराला बिलगली. दुधबळे साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

"मॅडम, तुम्ही मदत केलीत."

"साहेब, मदत नाही, माझी वस्तूच चुकली! यांच्यात पंडुमाआधी—"

"असेल, असेल. लिहून द्या ना. सविस्तर लिहून द्या." ते उठले, पँटची माती झटकली. "आम्ही वाचू."

तिनं लिहून दिलं. त्याच संध्याकाळी उर्वशीच्या अंगणात बसून लिहायला घेतलं. पंडुम म्हणजे काय, आंब्याआधी गाव काय पाळतं, का पाळतं. फेरपरीक्षा पंडुमानंतर घ्या, अशी मागणी केली. आणि साहेबांना तारखा ठरवायला सोपं जावं म्हणून गावोगावचे पंडुम साधारण कधी पडतात तेही मांडलं. कुठल्या गावाचा लवकर, कुठल्या गावाचा वैशाखात. या पट्ट्यात कोरमेट्ट्यासारख्या ग्रामसभेच्या शाळा आणखीही होत्या. दोन वर्षांत लोकांच्या खाटांवर बसून ऐकलेलं सगळं तिनं त्यात ओतलं. आयुष्यात इतकं चांगलं आणि इतकं पोटतिडकीनं तिनं काही लिहिलं नव्हतं. मोबाइलला रेंज यावी म्हणून टेकाडावर चढून तिनं ते पाठवलं.

उर्वशी दारात उभी राहून बघत होती. "मॅडम, वाचते का पन ते लोक?"

"वाचतील. वाचावंच लागेल."

आठवड्यात जीप आली. सोबत आणखी एक गाडी, तिच्यात लाठ्या. फेरपरीक्षेचा शब्दही नाही. लेकरांना नावानं हाका मारून बसवलं. उर्वशी जीपच्या टपापर्यंत चढली, शिव्या दिल्या, एका शिपायाचा हात झटकला. बायांनी तिला ओढून खाली घेतलं. मंगली खिडकीपाशी बसली होती. रडत नव्हती. पोचू जीपजवळ गेला आणि तिला गोंडीत म्हणाला, "पोटात दुखलं तर बोट लावून दाखव. बोलू नको, दाखव." तिनं मान हलवली.

जीप गेल्यावर गावात कोंबड्यांशिवाय आवाज राहिला नाही. नुजहत मोहाखाली बसून राहिली. विभागप्रमुखांचा सकाळीच निरोप आला होता: आप अरबी पढ़ाइए मॅडम, बाकी झमेले छोड़िए, जून आ रहा है. तिनं तो पुसून टाकला होता.

दुपारी टेकाडावर तिचा फोन वाजला. उर्वशी बाजूला होती, म्हणून तिनं स्पीकर लावला. ही फेरपरीक्षेचीच बातमी, असं दोघींनाही वाटलं.

"पठाण मॅडम, अभिनंदन," दुधबळे साहेबांचा आवाज लोण्यासारखा. "तुमचं टिपण वरपर्यंत वाचलं गेलं. फार उपयोगी. आणि पद्धत तर किती सोपी! वरून सांगितलंय, या पट्ट्यातल्या अशा सगळ्याच शाळांना हीच चाचणी लावा. तुमच्याच नावानं. उद्यापासून सुरू करतोय."

"उद्या? साहेब, उद्या कसं? अजून कितीतरी गावांचे पंडुम व्हायचेत. मी लिहिलंय त्यात—"

"हो ना. त्याच क्रमानं जाणार आहोत. ज्यांचे राहिलेत ती गावं आधी." पलीकडे कुणीतरी कागद उलटल्याचा आवाज आला. "तुम्ही त्रास घेऊ नका. आंबे आम्ही आणू."

फोन बंद झाला. खाली रुंद केलेल्या रस्त्यावर यंत्र घरघरत होतं.

उर्वशीनं विचारलं, अगदी साध्या आवाजात, "किती गावं लिवले तुमी त्यात?"

नुजहतनं फोनवर ते टिपण पुन्हा उघडलं.

"मॅडम, मी विचारून राह्यली. किती?"

"सगळी," नुजहत म्हणाली. "मला ठाऊक होती ती सगळी."

उर्वशीनं ओढणी तोंडाला बांधली, टेकाड उतरली आणि मोटरसायकलला किक मारली. नुजहत धावत मागे गेली, मागच्या सीटला हात घातला.

"थांब, मीही येते. मी सांगते त्यांना. माझ्यामुळे झालं, मीच सांगते."

"नोका येऊ," उर्वशी म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "तुमी आल्या तर कोनी दार नाई उघडनार आता. अन् एक सांगू? आमच्याबद्दल जे कळलं ते तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. लिवू नोका."

तिनं गाडी वळवली. दिवस माथ्यावरून ढळला होता, गावं लांब लांब होती, आणि तिच्या टाकीत पेट्रोल किती होतं हे तिनं पाहिलंही नाही. धूळ बसेपर्यंत नुजहत रस्त्यात उभी होती. मागून रस्त्याच्या यंत्रावरचा माणूस हॉर्न वाजवत होता, बाजूला व्हा म्हणून.